कोऱ्या तळ्याची ओटी

शनिवारी आमच्या घरात जेवणं लवकर उरकतात, कारण नातीची ती मालिका लागते. कुठल्यातरी लांबच्या ग्रहावर माणसांनी वस्ती केलीय. वर काचेचा भलामोठा घुमट, आत मोजून मिळणारी हवा, आणि ती हवा वाटायला नेमलेला एक अधिकारी. सगळ्या घराला त्याचीच वाट. आला की सूनबाई म्हणते, ‘आला बघा मेला.’

मागच्या शनिवारी त्या काचेला तडा गेला. लोक म्हणाले, मागचं दार उघडा, आम्हाला यानात जाऊ द्या. हा म्हणतो, उघडणार ना, नक्की उघडणार. पण पृथ्वीवरून मोठे पाहुणे येताहेत, दार त्यांच्या हातून उघडायचं असा तुमच्याच सभेचा ठराव आहे, तो मोडणारा मी कोण? आणि पुढच्याच दृश्यात दिसतं, ह्या बाबाची स्वतःची पेटी यानात कधीच चढलेली आहे.

नात माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘आजी, इतका नीच माणूस खराखुरा असतो का गं? काहीतरीच दाखवतात.’’

मी म्हटलं, ‘‘असतो. आपल्या ओसरीवर बसून चहा प्यालाय तो.’’

पोरीला वाटलं आजीची चेष्टा. पण माझं लक्ष पुढच्या गोष्टीवरून उडालं ते उडालंच. तो नट चांगला आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत मला, पण एक चूक करतो. लोक अंगावर आले की ओरडतो. असली माणसं ओरडत नाहीत. आमच्या ओसरीवरच्या त्या साहेबाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. तोंडात साखर घोळवल्यागत बोलायचा, ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडी कधी यायचाच नाही. ‘बघू ना. करू ना. आपलीच माणसं तुम्ही.’

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. आम्ही आधी निजामाकडं, मग हैदराबाद राज्यात, मग मुंबईत, मग महाराष्ट्रात. सरकारं आली नि गेली, आम्ही मात्र जिथल्या तिथं, बाजार लोहाऱ्याचाच. उस्मानाबाद जिल्ह्यात लोहाऱ्याजवळ आमचं गाव, आणि गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं आमची चार-सहा घरांची वस्ती. लग्न होऊन मी तिथं आले होते. घरात सासू, त्यांना मी आत्या म्हणायची, सासरे वारलेले. आमचे हे तामलवाडीकडं शाळेत मास्तर, तेही अजून कायम न झालेले. त्या साली माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

साहेब तालुक्याच्या कचेरीतला. निजामाच्या राज्यात शेरवानी घालायचा म्हणे, पुढं कोट आला, नंतर खादी. सरकार बदललं तशी टोपी बदलत गेला आणि दर टोपीला एक पायरी वर चढला. आमच्या ओढ्यावर सरकारनं तलाव बांधला, त्याचा कारभार ह्याच्याकडं. बांधाचं काम आटपलं तेव्हा आमच्या ओसरीवर पाट टाकून बसला, दोन कप चहा घेतला आणि आत्यांना म्हणाला, ‘‘आई, आता तुमच्या वस्तीला सोन्याचे दिवस येतात बघा.’’ आत्या पदर सावरून बऱ्याच हसल्या. आम्हाला सगळ्यांनाच तो माणूस आवडला होता, खोटं कशाला बोलू.

आता आमच्याकडचा रिवाज सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. नवं तळं पहिल्यांदा भरलं की ते कोरं समजायचं. सवाष्ण बाईनं खणानारळानं त्याची ओटी भरायची. तोवर त्यात घागर बुडवायची नाही, गुरं पाजायची नाहीत, आणि मोरी तर अजिबात उघडायची नाही. मोरी म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी सोडायचं दार. वर लोखंडी चाक, चाकाला साखळी, साखळीला सरकारी कुलूप. ओटीआधी पाणी सोडलं तर तळं रुसतं, पुन्हा भरत नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. आणि पहिल्या ओटीचा मान ज्या घरच्या सवाष्णीला दिला तो दिला, तो फिरवायचा नाही.

पाटलांनी हे मोठ्या हौसेनं साहेबाला सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, वा, काय रिवाज आहे, मग हा मान जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या मंडळींना द्या की. ते दोघं येतील, गावाचं नाव होईल. गाव खूष. चावडीत पाटलांनी सगळ्यांसमक्ष सुपारी ठेवून शब्द दिला. मोठा साहेब तळं भरलेलं बघून खूष झाला की आपल्या साहेबाला पुढली जागा मिळणार, हे गावात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी वाईट वाटलं नसतं. मिळू दे की बिचाऱ्याला, असंच म्हटलं असतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस असा लागला की सरता सरेना. तलाव काठोकाठ भरला आणि जादा पाणी सांडव्यावरून ओढ्यात पडायला लागलं. गाव नाचलं. मोठा साहेब दोन दिवसांनी येणार म्हणून निरोप आला. आमचा साहेब चाचा नावाच्या शिपायाला घेऊन, अंथरूण-पांघरूण बांधून आधीच मुक्कामाला आला आणि बांधाच्या पायथ्याला नवी सरकारी खोली होती तिथं उतरला. त्या शिपायाला सगळे चाचाच म्हणायचे. निजामाच्या वेळेपासून नोकरीत असलेला, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या कुणीतरी बघितलं की बांधाच्या बुडातून पाणी येतंय. पाझर असतोच, पण हे गढूळ होतं, माती घेऊन येणारं. वरती बांधाच्या माथ्यावर लांब भेग पडली होती. ह्याला काही इंजिनेर लागत नाही, पोरासोरालाही कळलं. वस्तीतली माणसं गुरं सोडून, लेकरं खांद्यावर टाकून गावाकडं निघाली. ओढ्याला सांडव्याचं पाणी, त्यामुळं रोजची वाट बंद. उरली वाट बांधाच्या माथ्यावरून, एकामागं एक.

आम्ही निघालो नाही, कारण नणंदेला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या.

तिला बाजेवर घालून न्यावं म्हटलं तर चौघं गडी त्या भेगेवरून बाज घेऊन चालणार कसे? एकट्या माणसाच्या पायाखाली माती सरकत होती. वस्तीतल्या गड्यांनी बाज उचलून बघितली, बांधाच्या चढापर्यंत नेली, तिथं एकाचा पाय घोट्यापर्यंत भेगेत गेला तशी ती खाली ठेवली. नणंद ओरडत होती, ‘‘मला घरी न्या, मला घरी न्या.’’ परत आणली. गडी म्हणाले आम्ही साहेबाला मोरी उघडायला लावतो, पाणी खाली गेलं की बांधावरचा भार जाईल. ते चावडीकडं गेले. ऊन असतं तर सावली हातभर सरकली असती, एवढा वेळ झाला, कुणी फिरकलं नाही. मोरीचं पाणीही सुटलं नाही.

आत्या मला म्हणाल्या, ‘‘तू जा. सुईणीला घिऊन ये. आन् चावडीत त्या साहेबाला सांग, माझी लेक हितं हाय म्हणावं.’’

‘‘आत्या, चावडीत? मी?’’

‘‘लाज काय करायची आता? जा.’’

सुनेनं चावडीची पायरी चढायची नाही, असा तो काळ. बांधावरून जाताना मी खाली बघत नव्हते. भेगेत एकदा हात घालून बघितला, का घातला देव जाणे. कोपरापर्यंत गेला. तशी मी पळत सुटले.

चावडीत माणसं उभी होती, साहेब तेवढा खुर्चीवर. पुढ्यात ताट, त्यात कुणाच्यातरी घरची कोंबडी. मी डोक्यावरचा पदर ओढून दारात उभी राहिले आणि जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. बांधाखाली बाळंतपण आहे, बाई हलवता येत नाही, मोरी उघडा.

साहेबानं घास खाली ठेवला. तोंडावर काय काळजी पसरली म्हणून सांगू! ‘‘अरेरे. वहिनी, तुम्ही पावसात कशाला आलात? अरे, ह्यांना बसायला द्या कुणीतरी.’’ मग सगळ्यांकडं बघून म्हणाला, ‘‘माझ्या हातात असतं तर मी आत्ता उठलो असतो. पण रिवाज कुणाचा? तुमचा. सुपारी कुणी ठेवली? पाटलांनी. उद्या मोठे साहेब येतात, बाईसाहेबांच्या हातून ओटी होईल, की लगेच मोरी खोलू. सरकारनं गावाचा धर्म बुडवला असं व्हायला नको.’’

‘‘आन् बांध फुटला तर?’’ मी म्हटलं.

‘‘तसा थोडाबहुत पाझर नव्या बांधाला असतोच वहिनी. काळजी करू नका. फुटणार असता तर मी इथं बसलो असतो का?’’

पाटील खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं नाही. वाईट माणूस नव्हता तो. पण चार गावांत शब्दाचा माणूस म्हणून नाव, आणि सुपारी ठेवलेली. त्यांच्या मागचे लोकही गप्प. आमच्या वस्तीतले गडीच तेवढे चुळबुळत होते, त्यातला एक म्हणाला साखळी तोडू, तर दुसऱ्यानं त्याचा दंड धरला. सरकारी कुलूप, आणि वर तळ्याचा कोप. दोन्हीची भीती. मला राग आला तो आधी साहेबाचा नव्हे, आमच्याच माणसांचा आला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सुईण वयानं मोठी होती. बांधापर्यंत माझ्याबरोबर आली, भेग बघून थांबली. मी तरी काय म्हणणार? तिलाही घरी नातवंडं होती. थोडा वेळ तिनं पाण्याकडं बघितलं, लुगड्याचा काचा मारला आणि माझ्याआधी बांधावर चढली.

घरी आलो तर नणंदेचा आवाज बसला होता. सुईणीनं हात लावून बघितलं आणि म्हणाली मूल आडवं नाही, पण वेळ लागंल. आत्यांना मी चावडीतलं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि लेकीच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या. सांगून झालं तशा उठल्या, ट्रंक उघडली, त्यातून हिरवा खण काढला. लेकीच्या ओटीभरणातला होता तो. देवापुढचा नारळ घेतला, सुपात तांदूळ, हळकुंड, सुपारी घातली आणि सूप माझ्या हातात दिलं.

‘‘जा. तळ्याची ओटी भर.’’

मला आधी कळलंच नाही.

‘‘ओटी झाल्याबगर मोरी उघडत न्हाईत ना? मग भर की. म्या भरली असती. मला चालत न्हाय.’’ स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडं त्यांनी बोट केलं. ‘‘तू सवाष्ण हायेस.’’

‘‘आत्या, मान मोठ्या साहेबाच्या बायकूचा हाय. गाव मला खाईल.’’

‘‘गाव उरलं तर खाईल ना.’’

मी निघाले. खरं सांगते, भीती बांधाची कमी आणि गावाची जास्त होती. म्हातारपणी हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. बांधाच्या मधोमध, मोरीच्या चाकाजवळ पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. सुपावर पदर धरून मी तिथं पोचले तोवर चावडीतून कुणीतरी बघितलं असावं, कारण माणसं धावत बांधाच्या टोकाला आली. त्यांच्या मागून साहेब, आणि साहेबावर छत्री धरून चाचा.

भेगेच्या अलीकडंच सगळे थांबले. साहेबही थांबला. तिथून बोलला, पण काय तो आवाज, आजारी माणसाची विचारपूस करावी तसा.

‘‘वहिनी, काय करताय हे? मास्तर तामलवाडीला आहेत ना? अजून कायम व्हायचेत ना? शाळाखात्यात आपलं बसणं-उठणं आहे. मी त्यांच्यासाठी शब्द टाकणार होतो.’’

मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. पोराबाळांच्या तोंडचा घास काढून घेण्याची धमकी इतक्या मायेनं दिलेली मी पुन्हा कधी ऐकली नाही. सूप कलंडलं, तांदूळ सांडले. मनात आलं, ह्यांना विचारायला हवं होतं. ह्यांची नोकरी म्हणजे आमचं सगळं होतं. तेवढ्यात खालून वस्तीतून नणंदेची किंकाळी आली. ती साहेबालाही ऐकू गेली. त्यानं रुमाल काढून चष्मा पुसला.

मी पायरी उतरले. पाणी मला मांडीपर्यंत आलं. हळदकुंकू वाहिलं, खण सोडला, तांदूळ सोडले, नारळ सोडला. नवी पहिलटकरीण असते तिला म्हणतात तसं मी तळ्याला म्हटलं, बाई, सुखरूप सूट. खण पाण्यावर पसरला आणि सांडव्याच्या ओढीनं हळूहळू निघाला.

मी वर आले आणि पाटलांना तोंडावर म्हटलं, ‘‘मामा, ओटी झाली. आता रिवाजाचं नाव घिऊ नका.’’

पाटलांनी साहेबाकडं बघितलं. साहेब म्हणाला, ‘‘वहिनींनी हे बरं केलं नाही. आता मोठ्या साहेबांना मी काय तोंड दाखवू? आणि किल्ली तर, योगायोग बघा, कचेरीतच राहिली.’’

इतका वेळ चाचा छत्री धरून मुकाट उभा होता. त्यानं छत्री बाजूला घेतली, मिटली आणि काखेत मारली. साहेबावर पाऊस पडायला लागला.

‘‘किल्ली कोट में है साब,’’ चाचा म्हणाला. मग गावाकडं वळून म्हणाला, ‘‘और साब का बिस्तरा-पेटी मैं सुबूच उप्पर शाळे में लेको गया. बंद के नीचे हवा अच्छी नै बोले. मैं बोलता नै था. नोकर आदमी हूँ. मगर नीचे बच्ची चिल्लारी.’’

शाळा गावात सगळ्यांत उंचावर. आता मालिकेत लोक असल्या वेळी अंगावर धावून जातात. आमच्याकडं कुणी धावलं नाही. सगळे नुसते साहेबाकडं बघत राहिले, आणि ते बघणं फार वाईट होतं. पाटलांनी हात पुढं केला.

‘‘किल्ली.’’

साहेबानं कोटाच्या आत हात घातला. किल्ली काढली, पण दिली नाही. म्हणाला, ‘‘देतो ना. तुमचीच आहे. फक्त एवढं लिहून द्या, की गावानं आपल्या जबाबदारीवर मोरी उघडली. उद्या पाणी वाया गेलं म्हणून विचारणा झाली तर?’’

आणि त्यानं लिहून घेतलं हो! बांधाच्या बुडातनं माती वाहतेय, खाली बाई तडफडतेय, आणि ह्यानं खिशातनं कागद काढला, चाचाला छत्री पुन्हा उघडायला लावली, कागदावर धरायला लावली. पाटलांनी सही केली, आमच्या वस्तीच्या गड्यांनी अंगठे उठवले. शाई पसरली तर म्हणाला, थांबा, हे नीट दिसत नाही, पुन्हा उठवा. मी एवढी संतापले होते की मला रडू आलं. शेवटी किल्ली हातात पडली, गडी भेग ओलांडून पळत आले, साखळी निघाली. चाक गंजलेलं नव्हतं, नवंच होतं, पण पाण्याच्या दाबानं फिरेना. चौघं लोंबकळले तेव्हा कुठं फिरलं. आणि मोरीतनं पाणी सुटलं ते असा आवाज करत की बांधाला हादरा बसला. मला वाटलं, गेला बांध.

नाही गेला. आम्ही सगळे बांधावरच बसून राहिलो, खाली उतरायचं धाडस होईना. सुटलेल्या पाण्याचा लोट वस्तीच्या वाटेवरूनच चालला होता. दिवस कलायच्या सुमाराला तळ्याचं पाणी पुरुषभर उतरलं. भेगेपलीकडचा एक तुकडा धपकन तलावात बसला, पण तिथवर पाणी राहिलंच नव्हतं. बुडातला पाझर बारीक झाला. गड्यांनी मला हात धरून वस्तीच्या बाजूला उतरवलं.

साहेबाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून मोकळी होते, शेवटच्या ओळीत त्याला बसवायची माझी इच्छा नाही. दुसऱ्या दिवशी मोठा साहेब आला. तळं अर्धं रिकामं. आमचा साहेब पुढं झाला आणि म्हणाला, धोका ओळखून मी स्वतः उभं राहून मोरी उघडवली, गाव वाचवलं. लिहून घेतलेला कागद त्यानं फाडून टाकला होता. बांध फुटला असता तर तोच कागद निघाला असता. त्याचा चावडीत हार घालून सत्कार झाला, पाटलांनीच घातला. वर्षाच्या आत त्याला वरची जागा मिळाली. ह्यांची जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वाशीच्याही पलीकडं बदली झाली आणि कायम व्हायला पुढं लई वर्षं गेली. चाचाला परत कधी दौऱ्यावर आणलं नाही. एवढंच. त्याला शिक्षा-बिक्षा काही झाली नाही, मालिकेत बहुधा होईल.

तर मी वस्तीत उतरले. मोरीचा घोंघाट चालूच होता. चिखलातून घरापाशी गेले तर दार आतून लावलेलं. दाराच्या फटींत कापडं कोंबलेली. मी हाका मारल्या, कुणी उत्तर देईना. दार बडवलं. आतून काही हालचाल नाही. मग मी रडतच ओरडले, ‘‘आत्या, मी हाय. मी हाय हो.’’

बऱ्याच वेळानं कडी निघाली. आत्यांनी दार जेमतेम हातभर उघडलं आणि पहिल्यांदा माझ्या पायांकडं बघितलं.

‘‘पाणी कुठवर आलं?’’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मोरी उघडली हे त्यांना सांगायला कुणी आलंच नव्हतं. त्यांनी नुसता तो आवाज ऐकला होता. तो आवाज म्हणजे बांध फुटला, असंच घरातल्या तिघी दुपारपासून धरून चालल्या होत्या.

आत गेले. नणंद भिंतीला टेकून बसलेली, पांढरीफटक, पण जिवंत. सुईण तिचा हात धरून. सुईणीला पळता आलं असतं, ती पळाली नव्हती. मूल कुठं दिसेना. मी विचारलं तर नणंदेनं वर बोट केलं.

माळवदाखाली, म्हणजे आमच्या मातीच्या सपाट छताखाली, धान्याची उंच कणगी होती. तिच्यावर आमची भाकरी मळायची लाकडी काठवट ठेवली होती. काठवटीत जुन्या लुगड्याच्या घड्यांवर पोर निजली होती, मुलगी, आणि तिला काठवटीला फडक्यांनी बांधलं होतं, सैल नाही, घट्ट नाही. काठवटीच्या कडेला दोरी, दोरीचं दुसरं टोक माळवदाच्या झरोक्यातून वर काढलेलं. पाणी घरात चढलं असतं तर काठवट तरंगली असती आणि झरोक्याशी गेली असती. आपण तिघी जाणार हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. नणंदेनं पोरीला एकदा पाजून घेतलं आणि आपल्या हातानं वर दिलं.

‘‘आत्या, पाणी आलं न्हाय,’’ मी म्हटलं. ‘‘मोरी उघडली. त्यो मोरीचा आवाज हाय.’’

त्यांना कळलं की नाही कोण जाणे. मी पुन्हा सांगितलं. सुईण डोक्याला हात लावून खाली बसली आणि रडायला लागली. आत्या रडल्या नाहीत.

नणंद म्हणाली, ‘‘आई, दे की मग तिला खाली.’’

मी वर चढून फडक्यांच्या गाठी सोडायला लागले, तर आत्यांनी माझा हात धरला.

‘‘नगं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आवाज थांबस्तोवर ऱ्हाऊ दे.’’